शेंदराखालचा मजकूर

टेंभीखेडच्या मुलींच्या शाळेत विमलबाई रुजू झाल्या आणि आठवड्याभरात गावानं त्यांना नाव ठेवलं. नावं ठेवण्याच्या कामात गाव कधी उशीर करत नसे. बाकीच्या कामांना मुहूर्त लागायचा. विमलबाईंचं नाव पडलं 'कुठी-लिवलं बाई'. कारण कोणी काहीही सांगितलं, की बाई चष्म्यातून शांतपणे बघत आणि विचारत, "हे कुठी लिवलं हाये?"

दुकानदार म्हणाला, गुळाचा भाव सरकारनंच वाढवला, की बाईंचा प्रश्न तयार. कीर्तनकार म्हणाले, पूर्वी या गावात घराघरातून तुपाच्या पन्हाळी वाहत होत्या, की बाई मागच्या रांगेतून उठल्याच. कीर्तनकारांनी त्या गावात पुन्हा कीर्तन घेतलं नाही. त्याबद्दल काही लोक बाईंचे उपकार मानत, पण मनातल्या मनात.

बाईंना ही खोड जन्मजात नव्हती. ती त्यांना मलकापूरच्या कोर्टात लागली. आपलं लग्न झालं होतं हे सिद्ध करायला त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं होतं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली, बाईंना माहेरी आणून सोडलं, आणि बाईंनी खावटी मागितली तेव्हा त्यानं गंगाजळ पिऊन आल्यासारखं सांगितलं की ही बाई माझी कोणी लागत नाही. ज्यांनी त्या मांडवात बुंदीच्या पंगती झोडल्या होत्या त्या सगळ्यांना अचानक विस्मरणाची साथ आली. ज्या भटजीबुवांनी मंगलाष्टकं म्हटली होती त्यांना आठवलं की त्या दिवशी आपण परगावी होतो. शेवटी साक्ष दिली ती एका लग्नपत्रिकेनं. कोपऱ्याला हळद लावलेली ती पत्रिका आईनं ट्रंकेच्या तळाला अंथरली होती. न्यायाधीशांनी ती उलटसुलट वाचली आणि बाईंचं लग्न झालं होतं असं ठरलं. खावटी दोन महिने आली आणि बंद पडली, पण पत्रिका बाईंच्या डोक्यात कायमची बसली. माणसं विसरतात, म्हणजे विसरायचं ठरवतात. कागदाला तेवढी अक्कल नसते. त्याच हिमतीवर बाई पुढं शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि एकसष्ट साली एक ट्रंक, एक कंदील आणि तो प्रश्न घेऊन टेंभीखेडला आल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. राज्य नवं, पण इतिहासाचं पुस्तक जुनंच होतं. त्यात राजे जन्मत, लढत आणि मरत. त्यांच्या राज्यात बाकी कोणी राहत असल्याचा उल्लेख नव्हता. बाईंनी चौथीच्या मुलींना ते पुस्तक मिटायला सांगितलं आणि फर्मावलं की प्रत्येकीनं आपल्या घरातला सर्वात जुना कागद आणायचा. तो आधी मोठ्यानं वाचायचा, जसा आहे तसा. मग विचारायचं, हा कोणी लिहिला आणि कशापायी लिहिला. आपलं मत सगळ्यात शेवटी, आणि तेही जमलं तर.

कागद आले. जिनिंगमधल्या कापसाच्या पावत्या आल्या, कुण्या मामाच्या मुंजीची पत्रिका आली, एकीनं तर काडेपेटीवरचं चित्र आणलं कारण घरात तेवढाच छापील कागद होता. निजाम पिंजाऱ्याच्या खुर्शीदानं तिच्या आजोबाचा लढाईवरून सुटल्याचा कागद आणला; त्यावर बसऱ्याचा शिक्का होता. बसरा कुठं आहे हे शोधता शोधता भूगोलाचा तासही त्यातच उरकला. मग बाईंनी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, तर अख्खा वर्ग एक जुलैला जन्मलेला निघाला. खुर्शीदानं विचारलं, "बाई, त्या दिवशी गावातल्या साऱ्या आयाईले एकदम कळा आल्या काय?" तेव्हा बाईंनी मुलींना इतिहासाचा दुसरा धडा दिला की कागदही खोटं बोलतो. फरक इतकाच, की कागदाचं खोटं पुराव्यासकट पकडता येतं.

कागद आणला नाही तो फक्त जनकानं. नदीकाठच्या वस्तीतल्या तानुबाईची ही मुलगी. हुशार, पण रोज उशिरा यायची. ती म्हणाली, "आमच्या घरी कागद नाई बाई. आमच्याकून निस्ते आंगठे घेत."

पण बाईंच्या हाताशी एक कागद होता, हजेरीचा. तो त्यांनी मुलींच्या कागदांसारखाच वाचला. उशिरा येणाऱ्या साऱ्या मुली एकाच वस्तीतल्या होत्या. आळस असा जागा बघून राहत नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की या मुली सकाळी नदीच्या पात्रात झिरा उकरून पाणी भरतात. वाटी-वाटीनं घागर भरेपर्यंत शाळेची घंटा होऊन जाते. उन्हाळ्यात झिरा खोल जातो, तेव्हा मुली येतच नाहीत, आणि मग आधीच्या मास्तरांच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांची नावं कमी होतात. जनकाच्या दोन्ही बहिणी अशाच कमी झाल्या होत्या.

गावात विहीर नव्हती असं नाही. शाळेसमोरच, बस थांबते तिथं, चिरेबंदी विहीर होती आणि तिला बारमाही पाणी होतं. पण विहिरीच्या काठावर पाणबुवा होते. पाणबुवा म्हणजे पुरुषभर उंचीचा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची हातभर जाड खोळ. देव इतका जागृत, की वस्तीतल्या माणसाच्या घागरीनं त्याला विटाळ होई. सहा वर्षांपूर्वी वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, देव सोडले, तेव्हा गावाला उलट सोयच झाली. आधी म्हणत, देवाला तुमचा विटाळ होतो. आता म्हणत, तुम्ही देवच मानत नाही तर देवाच्या विहिरीवर तुमचं काम काय? बाईंनी एकदा चावडीत सांगून पाहिलं की असं अडवणं हा गुन्हा आहे, तसा कायदा झालेला आहे, लिहिलेला आहे. चावडीनं मान डोलावली. कायदा दिल्लीचा, विहीर टेंभीखेडची, असा तो निकाल होता.

बाईंनी मनाशी एक गोष्ट ठरवली. यंदाच्या उन्हाळ्यात जनकाचं नाव कमी होऊ द्यायचं नाही. एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती, आणि गावाच्या मानानं ती फार मोठी होती.

इकडे जुन्या कागदांच्या बातमीनं गावात हलकल्लोळ माजला होता. त्याच वर्षी सरकारनं जमिनीवर मर्यादा घालणारा कायदा आणला होता आणि मोठ्या घरांतली शेतं रातोरात पाळण्यातल्या नातवांच्या, मेलेल्या चुलत्यांच्या आणि न बोलणाऱ्या सालदारांच्या नावावर जाऊन बसली होती. अशा वेळी एक मास्तरीण पोरींकडून घराघरातले जुने कागद मागवते, याचा अर्थ कोणालाही कळावा. बाई सरकारच्या हेर आहेत, अशी गावाची खात्री पटली. शेजारच्या इमामबीनं बाईंना सांगितलं, की लोकांनी कागद धान्याच्या कणग्यांत पुरले आहेत आणि एकानं तर घाबरून आपल्याच बापाच्या मृत्यूचा दाखला जाळला. आता बाप सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाला.

शेवटी पंजाबराव पाटील स्वतः शाळेत आले. पाटील भला माणूस म्हणून प्रसिद्ध होते. ही प्रसिद्धी त्यांनी स्वतः कष्टानं केली होती. जिल्हा परिषदेची पहिलीवहिली निवडणूक तोंडावर आली होती आणि पाटलांना उभं राहायचं होतं. खुर्चीत बसून त्यांनी फेटा मांडीवर घेतला आणि समजुतीच्या सुरात सुरुवात केली.

"बाई, तुमाले इतिहास पायजे ना? मंग कागद कायले चिवडता? मी हाय ना जिता. मी सांगतो, तुमी लिवून घ्या."

आणि पाटलांनी इतिहास सांगितला. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, माणसं झाडाची सालं खात होती, तेव्हा पाटलांचे आजोबा किसन पाटील यांनी पदरमोड करून ही विहीर बांधली आणि गाव वाचवलं. पाणबुवांची स्थापनाही त्यांचीच. एक मेला महाराष्ट्र दिन आहे, पाहुणे येणार आहेत; मुलींनी गावाच्या इतिहासाचं हस्तलिखित करावं, त्यात हे पहिल्या पानावर घालावं, आणि पाटील शाळेला दोन खोल्या बांधून देतील. हिशेब चोख होता. आजोबांनी पाणी दिलं, नातू खोल्या देतो, गावानं मत द्यावं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं.

पाटील हा प्रश्न येणार हे ओळखूनच आले होते. ते हसले. "लिवलं हाये ना. पाणबुवाच्या आंगावरच लिवलं हाये. शेंदराखाली. माह्या बापानं मले सांगतलं, आजोबाचं नाव हाये त्या दगडावर. आता देवाचा शेंदूर खरडून पायची तुमची हिंमत असंन तर पाहा."

बाईंना पाटलांच्या हुशारीचं मनापासून कौतुक वाटलं. पुरावा असावा तर असा, जो आहे पण बघता येत नाही. जगात असे पुरावे पुष्कळ असतात आणि त्यांच्यावर मोठमोठी घराणी उभी असतात.

हस्तलिखित तयार झालं. मुलींनी बोरूनं लिहिलं, कडेला गेरूची नक्षी काढली. खुर्शीदाच्या आजोबाचा बसऱ्याचा शिक्का हुबेहूब उतरवला, एक जुलैची गंमत लिहिली. पहिल्या पानावर मात्र एवढंच होतं: 'विहीर किसन पाटील यांनी बांधली असे पंजाबराव पाटील सांगतात. त्याचा लेख शेंदराखाली आहे असेही ते सांगतात. तो आम्ही अद्याप वाचलेला नाही.' त्याखाली अर्धं पान कोरं.

पाटलांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा भलेपणा जरा पातळ झाला. अद्याप वाचलेला नाही, ही ओळ काढा, म्हणाले. बाई म्हणाल्या, ती एकच ओळ तर आम्हाला खात्रीनं माहीत आहे. पाटील उठता उठता म्हणाले, की सातपुड्याच्या पायथ्याला एक शाळा आहे, तिथं मास्तर टिकत नाहीत, तुमच्यासारख्या जिद्दी बाईची तिथं फार गरज आहे. बदलीची धमकी इतक्या आदरानं देणारा माणूस विरळाच.

बाई त्या दिवशी घरी आल्या आणि चूल न पेटवता बसून राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक खोली मिळाली होती जिच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. इमामबी येता-जाता दाराशी बसे, भाकरीवर झुणका ठेवून जाई. खोली जाईल, इमामबीही सुटेल, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की त्या गेल्या की जूनमध्ये येणारा नवा मास्तर हजेरीवर लाल रेघ ओढेल आणि जनका कमी होईल. एक ओळ खोडली असती तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. त्यांनी दौत उघडली, टाक बुडवला, आणि मग कोर्टात खाली मान घालून उभे असलेले ते भटजीबुवा त्यांना आठवले. त्यांनीही एकच ओळ खोडली होती. बाईंनी दौत बंद केली.

आता पाटलांनी केलेल्या नवसाकडे वळायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नवसानं घडवलं. निवडणुकीत यश यावं म्हणून पाटलांनी पाणबुवांना सव्वा मण शेंदूर बोलला होता, आणि एक मेच्या सोहळ्याआधी तो चढवायचं ठरलं. शेंदूर चढवण्याचं काम कडूबा गुरवाकडे. कडूबा देवभोळा होता, म्हणजे देव भोळा आहे यावर त्याचा विश्वास होता. पाटलांनी नांदुऱ्याहून आणलेल्या शेंदरातला अर्धा त्यानं परत नांदुऱ्याला नेऊन विकला आणि वजन भरायला उरलेल्यात विटेची भुकटी कालवली. तेलातही हात आखडला. पाणबुवा आठ दिवसांत दुप्पट लठ्ठ झाले. पाटील खूश, कडूबा खूश, आणि पाणबुवांना कोणी विचारलं नाही.

एक मे उजाडला. आमच्याकडे मे महिना म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. सावलीसुद्धा सावली शोधते. विहिरीजवळ मांडव घातला होता, पण पाहुण्यांपुरता. पाणबुवा उन्हात. मुली पांढरे झगे घालून दगडासमोर ओळीनं उभ्या. जनकाही होती, पहाटे उठून पाणी भरून आली होती. तिची आई तानुबाई आणि वस्तीतल्या आणखी काही बाया रस्त्याच्या पलीकडे, त्यांना नेमून दिलेल्या अंतरावर. बॅटरीवरचा भोंगा दगडाच्या पाठीलाच बांधला होता, कारण गावात तेवढा भक्कम खांब दुसरा नव्हता.

पाटील बोलायला उभे राहिले. महाराष्ट्राच्या हजार वर्षांच्या इतिहासावरून ते चटकन आपल्या आजोबांवर आले. भोंगा दणदणत होता. "या दगडावर," पाटील हात करून म्हणाले, "या दगडावर माह्या आजोबाचं नाव कोरलं हाये. कोणी पुरावा मांगते. मी म्हणतो, पाणबुवाच पुरावा देईन."

पाणबुवांनी मनावर घेतलं. आधी कर्र असा आवाज झाला. विटेच्या भुकटीचा नवा थर उन्हानं फुगला होता, त्याच्या वजनानं आतली जुनी खोळ सुटली, आणि डोक्यापासून पायापर्यंत एक भलं मोठं शेंदरी खपलं धाडकन खाली आलं. धूळ उडाली. पाहुणे खुर्च्यांवरून उठले. देवानं खोळ टाकली की ती नदीत नेऊन सोडतात आणि गावाला तो मोठा शकुन असतो, म्हणून म्हाताऱ्यांनी हात जोडले. हात जोडून वर बघतात तो समोर काळा कुळकुळीत दगड, आणि त्यावर ओळीनं खोदलेली बाळबोध अक्षरं.

पुढं जे झालं त्याला बाई जबाबदार नव्हत्या. म्हणजे त्या क्षणी नव्हत्या, वर्षभर होत्या. समोर लिहिलेलं दिसलं की आधी मोठ्यानं वाचायचं, जसं आहे तसं, ही सवय मुलींच्या हाडीमाशी खिळली होती. कोणी सांगण्याची वाट न बघता सगळ्या एका सुरात वाचू लागल्या.

"श्री. शके अठराशे बावीस. दुष्काळ पडला सबब ही विहीर गोजरबाई भ्रतार किसन पाटील हिने आपले अंगावरील सोने मोडून बांधली. पाणी सर्व जातीस. जो कोणी कोणास अडवील त्यास आपले आईची आण."

भोंग्यातून फक्त पाटलांचा श्वास ऐकू येत होता. आजोबांचं नाव खरोखरच दगडावर होतं. पाटील खोटं बोलले नव्हते. बायकोचा पत्ता लिहावा तसं ते लिहिलेलं होतं. खुर्शीदानं नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला, की ही गोजरबाई पाटीलकाकाची आजी काय? पाटलांनी भोंगा बंद करायची खूण केली आणि पाहुण्यांकडे वळून पुटपुटले, आजोबाची पहिली बायको असंन, तिले लेकरू नव्हतं.

विमलबाईंनी ते ऐकलं आणि दगडाकडे पाहिलं. साठ वर्षं एक बाई तिथं उभी होती. गाव तिला नमस्कार करत होतं, नारळ फोडत होतं, तिच्या तोंडावर शेंदूर थापत होतं, तिला बुवा म्हणत होतं, आणि तिनं जे करू नका म्हणून आईची शपथ घातली होती तेच तिच्या नावानं करत होतं. तिलाही लेकरू नव्हतं. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी हस्तलिखिताचं पहिलं पान उघडून जनकाकडे दिलं, आणि जनकानं दगडाकडे बघत बघत कोऱ्या अर्ध्या पानावर अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. त्याची नक्कल तिनं घरी नेली; हा तिच्या घरातला पहिला कागद होता.

गाव अशा संकटात एकदिलानं वागतं. खपलं वाजतगाजत नदीत सोडलं, संध्याकाळच्या आत दगडाला चादर गुंडाळली, आणि दुसऱ्या दिवशी कडूबा शेंदराचे डबे घेऊन हजर. या वेळी शेंदूर चोख होता. पाटील स्वतः समोर उभे राहून थापून घेत होते. तीन-चार दिवसांत पाणबुवा पूर्ववत झाले. लेखाबद्दल विचारलं तर लोक सांगू लागले, की उन्हात चमकत होतं, नीट दिसलं नाही. काहींना तर त्या दिवशी आपण परगावी होतो असं आठवलं. बाईंना ही साथ ओळखीची होती.

मग बाईंची बदली आली, सातपुड्याच्या पायथ्याला. आणणाऱ्या कारकुनाला बाईंनी सवयीनं विचारलं, कुठं लिहिलंय? त्यानं कागदच पुढं केला. लिहिलेलं होतं, शिक्क्यासकट. बाई स्वतःच्याच कायद्यात सापडल्या आणि त्यांनी मुकाट्यानं सही केली.

निघायच्या सकाळी त्या विहिरीजवळ ट्रंकेवर बसून मोताळ्याच्या बसची वाट बघत होत्या. इमामबी पदरानं डोळे पुसत शेजारी उभी होती. मुली आल्या होत्या, जनका सोडून. ती का नाही, हे बाईंना माहीत होतं. झिरा खोल गेला होता. विहिरीवर गावातल्या बाया पाणी भरत होत्या. कडूबा पाणबुवाला गंध लावत होता. पाटील पारावर होते, लोकांच्या अडचणी ऐकत. निवडणुकीपर्यंत ते रोज ऐकणार होते.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून तानुबाई आली. कमरेवर घागर, हातात दोर, मागं जनका. नेमून दिलेलं अंतर आलं आणि ती थांबली नाही. ती सरळ काठावर आली आणि तिनं घागर ठेवली. पाणी भरणाऱ्या बाया मागं सरल्या. कडूबा गंधाची वाटी घेऊन धावला आणि ओरडला, की तुले इथं पाणी भराची मनाई हाये, माहीत नाई काय?

तानुबाईचा आवाज चढला नाही. तिनं फक्त मान वर करून विचारलं,

"कुठी लिवलं हाये?"

कडूबानं पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी दगडाकडे पाहिलं. दाखवायचं तर काय दाखवायचं? गावात विहिरीबद्दल लिहिलेलं एकच होतं, ते शेंदराखाली होतं, आणि तो शेंदूर त्यांनीच तीन-चार दिवस घाम गाळून थापला होता. खरडायची सोय नव्हती, कारण खाली काय आहे ते पारावरच्या म्हाताऱ्यापासून मांडीवरच्या पोरापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. तेवढ्यात जनकानं हातातली घडी उलगडली. हस्तलिखितातल्या पहिल्या पानाची नक्कल होती ती, बाईंनी तिला करून घ्यायला लावलेली. ती वाचायला लागली. "श्री. शके अठराशे बावीस." दुसऱ्या ओळीला खुर्शीदा मिळाली, तिसरीला सगळा वर्ग. 'आईची आण' आलं तेव्हा कडूबा बाजूला झाला. त्याची आई जिवंत होती.

पाटील उठले, पायात वहाणा सरकवल्या, आणि काहीतरी काम आठवल्यासारखे घराकडे चालू लागले. रहाट वाजला. घागर खाली गेली, बुडली, भरून वर आली.

बस आली. कंडक्टरनं ट्रंक उचलायला हात घातला, तर बाईंनी त्याला थांबायला सांगितलं. त्या उठून विहिरीच्या काठावर गेल्या, सगळ्या गावासमोर तानुबाईच्या घागरीखाली वाकल्या आणि त्यांनी ओंजळ धरली. तानुबाई क्षणभर घुटमळली. मग तिनं घागर कलती केली.